आधी स्क्रीन पाहा, मग स्टिकर

रमजान ईद झाली की जालन्यातल्या शादीखान्यांना उसंत नसते. जुना जालना, कादराबाद, पुढे अंबड, परतूर, भोकरदन; एकेका तारखेला चार-चार निकाह. आणि देगा चढवणाऱ्या भटियाऱ्याइतकाच आता प्रत्येक मंडपात आणखी एक माणूस लागतो, तो म्हणजे फोटोवाला. फोटो काढावा की नाही, किती काढावा, यावर उलेमांची मतं वेगवेगळी आहेत आणि तो निकाल देणं या सदराचं काम नाही. पण कॅमेरा आपल्या लग्नात येऊन बसला आहे, हे कुणी नाकारणार नाही. अलीकडे त्यात एक चांगला बदल दिसतो. बायकांच्या बाजूचे फोटो मुलीनेच काढावेत, असं घरचे लोक आधीच सांगून ठेवतात, आणि तसं काम करणाऱ्या मुली आपल्या जिल्ह्यातही तयार होऊ लागल्या आहेत.

त्यातलीच एक माझी जुनी विद्यार्थिनी. दहावीपर्यंत माझ्याकडे उर्दू शिकली. दोन वर्षांपासून ती लग्नात बायकांच्या बाजूचे फोटो काढते. कॅमेरा मामूंनी दिलेला. अडचण पुढची. फोटो दुरुस्त करून अल्बम लावायला तिला बाजारातल्या स्टुडिओत कार्ड द्यावं लागायचं, आणि तिथे कॉम्प्युटरवर बसणारी सगळी मुलं. नवरीच्या अम्मीला हे कळलं की त्या विचारायच्या, "मग तुला बोलावून फायदा काय झाला?" प्रश्न रास्त होता. त्यापायी तिच्या हातून दोन ऑर्डरी गेल्या. तिचे अब्बा स्टीलच्या कारखान्यात आहेत. अम्मीची भिशी लागली आणि घरातले थोडे घालून साठ हजार रुपये जमले. दुकानदाराने तिला अठ्ठ्याहत्तर हजारांचा, लाल दिवे लागणाऱ्या कीबोर्डचा गेमिंग लॅपटॉप दाखवला आणि उरलेले हप्त्याने द्या म्हणाला. तेव्हा ती माझ्याकडे आली. "आपा, पैसे वाया तो नै जाएंगे ना?"

शाळेच्या वार्षिक अंकाचं काम बरीच वर्षं माझ्याकडे असल्यामुळे फोटो, लॅब आणि छपाई यांच्याशी माझी झटापट जुनी आहे. तिला जे सांगितलं ते इथे सविस्तर लिहिते, कारण या महिन्यात हाच प्रश्न आणखी दोन घरांतून आला.

फोटोच्या कामात लॅपटॉपचा सगळ्यात महत्त्वाचा भाग म्हणजे स्क्रीन, आणि दुकानात सगळ्यात कमी बोललं जातं ते तिच्याबद्दलच. प्रोसेसर कोणता, मेमरी किती, हे पुढच्या स्टिकरवर छापलेलं असतं. स्क्रीन रंग खरे दाखवते की नाही, याचं स्टिकर नसतं. फोटो दुरुस्त करणारा माणूस तर डोळ्यांनी काम करतो. डोळ्यांसमोरचा रंगच खोटा असेल तर हात कितीही तयार असला तरी काम चुकणार.

हे घडतं कसं ते बघा. स्वस्त लॅपटॉपच्या बऱ्याच स्क्रीन लाल रंग पूर्ण दाखवू शकत नाहीत. नवरीचा लाल शरारा त्यांवर विटकरी-नारिंगी दिसतो, मेंदी फिकट दिसते, चेहऱ्यावर निळसर छटा येते. मुलगी काय करते? लाल वाढवते, पिवळा वाढवते. स्क्रीनवर आता छान दिसतं. तीच फाइल लॅबला जाते आणि अल्बम येतो तेव्हा नवरीचा चेहरा टोमॅटोसारखा झालेला असतो, जर भडक पिवळी. दोष लॅबला दिला जातो. लॅबने फाइलमध्ये होतं तेच छापलेलं असतं.

रंगांचं हे माप मोजायला दोन शब्द आहेत, तेवढे लक्षात ठेवा. एक, एसआरजीबी. एचपी आणि मायक्रोसॉफ्ट या कंपन्यांनी १९९६ साली ठरवलेलं हे रंगांचं माप आहे. आपल्याकडच्या बहुतेक लॅब याच मापातल्या जेपीजी फाइली मागतात आणि मोबाइल-इंटरनेटवरचे फोटोही बहुधा याच मापात असतात. दुसरा शब्द एनटीएससी, म्हणजे १९५३ सालच्या अमेरिकन रंगीत टेलिव्हिजनचं माप. सत्तर वर्षांपूर्वीच्या अमेरिकन टीव्हीचं माप आज लॅपटॉपच्या माहितीत का लिहितात, ते कंपन्यांनाच ठाऊक. लॅपटॉपच्या माहितीत "४५ टक्के एनटीएससी" असं लिहिलेलं असेल तर समजा की ती स्क्रीन लॅबला लागणाऱ्या रंगांपैकी जेमतेम दोन तृतीयांशच दाखवते. "७२ टक्के एनटीएससी" किंवा "१०० टक्के एसआरजीबी" लिहिलं असेल तर ती कामाची. यात एक मेख आहे. एकाच नावाच्या लॅपटॉपमध्ये दोन्ही प्रकारच्या स्क्रीन येतात. नाव तेच, रंग तोच, खोकं तेच, फक्त मॉडेल नंबरच्या शेवटची दोन-चार अक्षरं वेगळी. म्हणून दुकानात खोक्यावरचा पूर्ण मॉडेल नंबर मोबाइलमध्ये फोटो काढून घ्या आणि घरी येऊन कंपनीच्या वेबसाइटवर त्याच नंबरची माहिती वाचा. तिथे रंगांचा आकडा दिलेलाच नसेल तर तो ४५ टक्केवाला आहे असं धरून चाला. चांगली गोष्ट कंपनी लपवून ठेवत नाही.

आयपीएस की ओएलईडी, असाही प्रश्न येतो. आयपीएस म्हणजे बाजूने किंवा वरून पाहिलं तरी रंग न बदलणारी स्क्रीन. एवढं किमान हवंच. टीएन नावाची जुनी स्क्रीन स्वस्तातल्या किंवा जुन्या लॅपटॉपमध्ये अजून सापडते. मान थोडी हलली की तिच्यावरचा चेहरा काळा-पांढरा होतो, ती घेऊ नका. ओएलईडीचे रंग बघणाऱ्याला भुरळ घालतात, पण मूळ सेटिंगवर ते खऱ्यापेक्षा गडद असतात. घेतलीत तर तिच्या सेटिंगमध्ये एसआरजीबीचा पर्याय आहे का ते पाहून तो लावा.

आकडे वाचून कंटाळा येत असेल तर एक साधी परीक्षा सांगते, ती मी त्या मुलीबरोबर जाऊन केली. तिच्याकडे आधी छापून आलेल्या अल्बमचं एक जादा शीट होतं, आणि त्याचीच फाइल पेन ड्राइव्हवर घेतली. दुकानात मांडलेल्या पाच लॅपटॉपवर सुरू असलेले धबधबे, पोपट आणि मोटारींचे व्हिडिओ बंद करायला लावले. प्रत्येकावर आपली फाइल उघडली आणि शीट शेजारी धरलं. दुकानातल्या मुलाला सुरुवातीला कंटाळा आला, मग तोही बघायला लागला. दोन लॅपटॉपवर शरारा विटकरी दिसत होता. अठ्ठ्याहत्तर हजारांचा गेमिंगवाला त्या दोनांपैकी एक होता. एकावर बाजूने पाहिलं की चेहरा बदलत होता. उरलेले दोन शीटशी बऱ्यापैकी जुळले. ही परीक्षा करताना लॅपटॉपमधला नाईट लाईट आणि आपोआप उजेड कमी-जास्त करणारा पर्याय बंद आहे ना, ते आधी बघा. नाहीतर चांगली स्क्रीनही पिवळी दिसेल.

घरी काम करतानाही हे दोन पर्याय बंदच ठेवायचे. आणि स्क्रीनचा उजेड पूर्ण ठेवून काम करायचं नाही. "आपा, प्रिंट डार्क आली" ही तक्रार ऐकू येते, तिचं नेहमीचं कारण हेच. झगझगीत स्क्रीनवर फोटो पुरेसा उजळ वाटतो, म्हणून तो उजळ केला जात नाही. कागदाला स्वतःचा दिवा नसतो. खोलीतला एक बल्ब रोज तोच, बसायची जागा तीच आणि स्क्रीनचा उजेड साधारण निम्मा, एवढं पाळलं तरी निम्म्या तक्रारी मिटतात. स्क्रीनचे रंग मोजून दुरुस्त करणारं कॅलिब्रेटर नावाचं छोटं यंत्रही मिळतं. ते महाग आहे, पण महिन्यातून एकदाच लागतं. गावातल्या चार-पाच फोटोवाल्यांनी मिळून एक घेतलं तर कुणावरच भार पडणार नाही. आपल्याकडे चार फोटोवाले एकत्र बसतील का, हा वेगळा प्रश्न.

आता मेमरी. दुकानदार म्हणतो आठ जीबी पुष्कळ झाली. आपण हिशेब करू. लग्नाच्या करिझ्मा अल्बमचं उघडलेलं एक शीट सहसा १२ बाय ३६ इंचांचं असतं. एका इंचात ३०० ठिपके धरले तर ३,६०० गुणिले १०,८०० म्हणजे जवळपास ३ कोटी ८९ लाख ठिपके. प्रत्येक ठिपक्याचे लाल, हिरवा, निळा असे तीन आकडे. म्हणजे एक कोरं शीट उघडलं तरी सुमारे ११७ एमबी. त्यावर फुलांची चौकट, सात-आठ फोटो, सावल्या, नावं असे थर चढले की एकच शीट एक जीबीच्या आसपास जातं. त्याशिवाय विंडोज स्वतः, ब्राउझर, मागे सुरू असलेलं गाणं किंवा नात. म्हणून फोटोशॉप बनवणारी अडोबी कंपनीच किमान ८ आणि शिफारस १६ जीबीची करते. १६ घ्या. आज पैसे नसतील तर ८ घ्या, पण एक स्लॉट मोकळा असेल असाच लॅपटॉप घ्या. पातळ लॅपटॉपांत मेमरी मदरबोर्डवरच डकवलेली असते आणि ती पुढे वाढत नाही. "बादमें डाल देंगे" असं दुकानदार म्हणाला तर त्याला विचारा, कुठल्या स्लॉटमध्ये?

साठवणुकीचाही असाच हिशेब. २४ मेगापिक्सेलच्या कॅमेऱ्याची एक रॉ फाइल साधारण ३० एमबी धरा. मेंदी, निकाह, वलीमा मिळून दीड हजार फोटो म्हणजे ४५ जीबी. ५१२ जीबीच्या लॅपटॉपमध्ये विंडोज आणि सॉफ्टवेअर जाऊन साडेतीनशेच्या आसपास उरतात. सात-आठ लग्नांत डबा भरला. म्हणून ५१२ पेक्षा कमी नको, ती एसएसडीच हवी, आणि जुनी कामं बाहेरच्या ड्राइव्हवर टाकायची सवय पहिल्या दिवसापासून लावायची.

प्रोसेसरबद्दल मी थोडक्यातच लिहिणार आहे, कारण फोटोच्या कामाला आजचा कुठलाही मधला प्रोसेसर पुरतो. फक्त नावाला भुलू नका. आय-५ हे २०१५ सालातही होतं आणि नंतरही. रायझन ५ ७५२०यू आणि रायझन ५ ७५३०यू ही दोन नावं शेजारी ठेवली तर फरक नजरेत येत नाही. पण तो तिसरा आकडा पाहा. २ म्हणजे आतली रचना २०१९ सालची आणि गाभे चार. ३ म्हणजे त्यानंतरची रचना आणि या प्रोसेसरमध्ये गाभे सहा. किमतीत फरक थोडा, कामात बराच. वेगळं ग्राफिक्स कार्ड व्हिडिओवाल्यांना हवं. फोटोसाठी त्याचा उपयोग मर्यादित आहे. रात्रीच्या फोटोतले दाणे एआयने काढायचे असतील तर कार्डाशिवाय एकेका फोटोला काही मिनिटं लागू शकतात, पण तसे वीस-पंचवीस फोटो निवडून झोपताना लावून ठेवता येतात.

तिला लॅपटॉप हलका का हवा, हे मला तिने सांगितलं तेव्हा पटलं. तिला फोटो घेऊन नवरीच्या घरी जायचं होतं. अम्मी, खाला, फुप्पी यांच्यासमोर बसून निवड करायची, नको असलेले तिथेच पुसायचे, रंगही त्यांच्या समोर ठरवायचे. व्हॉट्सअॅपवर एकही फोटो पाठवायचा नाही. अंबड-परतूरला जायचं तर भावाबरोबर मोटारसायकलवर किंवा एसटीने. मार्च २०२३ पासून बायकांना एसटीत अर्धं तिकीट आहे, तेवढी बचत. पण कॅमेऱ्याची बॅग आधीच चार-पाच किलोंची. त्यात अडीच किलोंचा गेमिंग लॅपटॉप आणि विटेएवढा चार्जर घातला तर मुलगी दुसऱ्याच लग्नात पाठ धरून बसेल. शिवाय असा लॅपटॉप विजेवरून काढला की त्याचा वेग एकदम उतरतो आणि बॅटरी लवकर संपते. तिच्यासाठी आम्ही दीड किलोच्या आतबाहेरचं वजन, १४ इंची स्क्रीन आणि सी-टाइप चार्जिंग ही अट धरली. सी-टाइपचा फायदा असा की ६५ वॉटचा चार्जर कुणाच्याही घरी मागता येतो, आणि खेड्यात लाइट गेली तर मोठ्या पॉवर बँकेवरही काम निघतं. १४ इंचांतही १६:१० मापाची स्क्रीन मिळाली तर बघा. ती थोडी उंच असते आणि फोटोशॉपच्या पट्ट्यांनी जागा खाल्ल्यावरही फोटोला जागा उरते. बॅटरी ५० वॉट-आवरपेक्षा कमी नको. कंपनी दहा तास सांगते तिथे फोटोच्या कामात पाच मिळाले तर बरे.

आपल्या उन्हाळ्याचाही विचार करा. मे महिन्यात पारा चाळिशी ओलांडतो. पत्र्याच्या खोलीत, गादीवर ठेवून काम केलं की लॅपटॉपची हवा जाण्याची वाट बंद होते, तो तापतो आणि तापला की स्वतःच वेग कमी करतो. खाली लाकडी पाट ठेवा. पोळपाटही चालतो, अम्मी चालू देत असतील तर.

अॅपलचा मॅकबुक एअर घ्यावा का? स्क्रीन उत्तम, वजन सव्वा किलोच्या आसपास, पंखा नाही म्हणून आवाज नाही. मार्च २०२५ मध्ये आलेल्या एम४ एअरची भारतातली सुरुवातीची किंमत ९९,९०० रुपये होती आणि त्यात मेमरी १६ जीबी. ज्याच्याकडे तेवढे पैसे मोकळे आहेत त्याने जरूर घ्यावा. २०२० च्या एम१ एअरचे जुने तुकडे स्वस्तात मिळतात, पण त्यांतले पुष्कळसे ८ आणि २५६ जीबीचे असतात, आणि त्यात पुढे काहीही वाढत नाही. साठ हजारांच्या घराने अॅपलसाठी कर्ज काढावं, असं मला वाटत नाही.

कंपन्यांच्या ऑफिसमधून निघालेले जुने थिंकपॅड, लॅटिट्यूड, एलिटबुक वीस-पंचवीस हजारांत मिळतात. मजबूत असतात, मेमरी वाढवता येते, आणि हिशेब-टायपिंगला मी तेच सुचवते. फोटोसाठी मात्र सांभाळून. ऑफिसच्या कामाला रंग लागत नाहीत, म्हणून त्यांतल्या बऱ्याच जणांच्या स्क्रीन त्याच ४५ टक्केवाल्या. ज्याला फोटो घेऊन फिरायचं नाही, घरीच बसून काम करायचं आहे, त्याने असा जुना लॅपटॉप आणि जोडीला ९९ टक्के एसआरजीबीचा २४ इंची आयपीएस मॉनिटर घ्यावा. दोन्ही मिळून नव्या लॅपटॉपपेक्षा स्वस्त पडतं आणि काम जास्त चांगलं होतं. माझ्या दुसऱ्या पत्रलेखकाला, जाफराबादच्या भावाला, मी हेच कळवलं आहे.

बायकांच्या फोटोंची ही काळजी काही मोबाइल आल्यावर सुरू झालेली नाही. जालना १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होतं. सहाव्या निजामाचे दरबारी छायाचित्रकार राजा दीनदयाळ यांनी १८९२ साली हैदराबादला खास पडदानशीन बायकांसाठी जनाना स्टुडिओ काढला होता. भोवती उंच भिंती, आत काम करणाऱ्या फक्त बायका आणि कारभार एका इंग्रज बाईकडे. त्या काळी काचेची निगेटिव्ह भिंतीच्या आत राहिली की फोटो सुरक्षित होता. आज त्या भिंतीचं काम लॅपटॉपला करायचं आहे, आणि तो पिशवीत घालून एसटीत न्यायचा आहे.

म्हणून घेतानाच पाहा की त्यात एन्क्रिप्शनची सोय आहे. विंडोज होममध्ये ती डिव्हाइस एन्क्रिप्शन या नावाने बऱ्याच नव्या लॅपटॉपांत असते, प्रोमध्ये बिटलॉकर. ती चालू असली की लॅपटॉप चोरीला गेला किंवा आतली डिस्क कुणी काढून दुसऱ्या मशीनला लावली तरी फोटो उघडत नाहीत. तिची किल्ली म्हणजे लांबलचक आकडा वहीत लिहून कपाटात ठेवा. ती हरवली तर तुम्हालाही फोटो उघडणार नाहीत. दुरुस्तीला देताना फोटो बाहेरच्या ड्राइव्हवर काढून, लॅपटॉप रिकामा करूनच द्या. नुसतं डिलीट करून रिसायकल बिन रिकामी केली म्हणजे फोटो गेले, असं नाही. ते परत काढणारी सॉफ्टवेअर फुकट मिळतात. विकताना विंडोजच्या रीसेटमध्ये ड्राइव्ह साफ करण्याचा पर्याय निवडायचा.

आणि एकाच जागी फोटो ठेवायचे नाहीत. पीटर क्रोग या अमेरिकन छायाचित्रकाराने रूढ केलेला ३-२-१ चा नियम आहे: तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, एक घराबाहेर. आपल्यासाठी त्याचा अर्थ एक लॅपटॉपमध्ये, एक घरच्या ड्राइव्हवर, एक नानीच्या कपाटातल्या ड्राइव्हवर. अल्बम हातात देऊन हिशेब मिटेपर्यंत कार्ड पुसायचं नाही. निकाह पुन्हा लावता येत नाही. लॅपटॉपचं बजेट करताना या दोन ड्राइव्हचे पैसे आधी बाजूला काढा, उरतील त्यात लॅपटॉप.

सॉफ्टवेअरचं काय? बाजारात दोनशे रुपयांत फोटोशॉप "टाकून" देणारे पुष्कळ आहेत. ती चोरी आहे, एवढं मी शिक्षिका म्हणून सांगेनच. पण त्या चोरीच्या सीडीबरोबर लॅपटॉपमध्ये काय काय शिरतं आणि तुमचे फोटो कुठे पाठवतं, हे तुम्हाला कळणारही नाही. पैसे नसतील तर गिम्प, डार्कटेबल, रॉथेरपी ही फुकट आणि हक्काची सॉफ्टवेअर आहेत. शिकायला महिनाभर जातो. फोटोशॉप असेल तर त्यात उर्दू नावं लिहिताना अक्षरं तुटतात आणि उलटी पडतात, मराठीतली जोडाक्षरंही फुटतात. सेटिंगमध्ये टाइप या भागात वर्ल्ड-रेडी लेआउट निवडलं की दोन्ही भाषा नीट बसतात. अल्बमच्या पहिल्या पानावर दुल्ह्याचं नाव उलटं छापलेलं मी पाहिलं आहे, म्हणून हे लिहिलं.

आणखी एक, मुलींना. नवरीला गोरं करण्याची फर्माइश येते. स्क्रीन चांगली असली की सावळा रंगही किती सुंदर दिसतो ते तुम्हालाच दिसेल. तो तसाच राहू द्या.

पैशांचं बोलू. "नो कॉस्ट ईएमआय" म्हणजे बिनव्याजी हप्ता, असा समज आहे. रिझर्व्ह बँकेने २०१३ मध्येच बँकांना सांगितलं होतं की शून्य टक्के व्याज असा काही प्रकार नसतो. क्रेडिट कार्डावर प्रत्यक्षात असं होतं: बँक व्याज लावते, दुकानदार तेवढी सूट देतो, आणि कार्डाच्या बिलात व्याज व्याज म्हणूनच दिसतं, त्यावर १८ टक्के जीएसटी आणि वर प्रोसेसिंग फी. हे चालतं की नाही, ते आपल्या आलिमांना बिल दाखवून विचारा. मी एवढंच सांगेन की दुकानात आधी "रोख दिले तर किती?" हा प्रश्न विचारा. हप्त्यात जिरवलेली सूट पुष्कळदा रोखीत मिळते. त्या मुलीच्या बाबतीत तशी मिळाली. आम्ही जुळलेल्या दोनांपैकी हलका घेतला. रोखीची सूट जाऊन साठ हजारांतून दोन ड्राइव्हचे पैसेही निघाले. दिवे लागत नाहीत, म्हणून भाऊ थोडा नाराज आहे.

घेण्याआधी दुकानदाराला विचारा की सर्व्हिस सेंटर जालन्यात आहे की छत्रपती संभाजीनगरला, आणि घरी येऊन दुरुस्तीची वॉरंटी असेल तर ती तुमच्या पिनकोडला लागू आहे का. खेड्यांचे पिनकोड त्यातून सुटतात. पक्कं जीएसटी बिल मुलीच्या नावावर घ्या, वडिलांच्या नाही. उद्या तिने धंद्याची नोंदणी केली तर ते तिच्या कामाला येईल. खोकं दुकानातच उघडा, मागच्या बाजूचा सीरियल नंबर बिलाशी जुळवा, आणि पूर्ण पांढरा, पूर्ण काळा आणि पूर्ण लाल असे तीन फोटो स्क्रीनभर लावून मेलेला ठिपका आहे का ते पाहा. असेल तर त्याच दिवशी बदलून घ्या. दुसऱ्या दिवशी दुकानदार तुम्हाला सर्व्हिस सेंटरचा पत्ता देईल.